परेरा जिंकला, म्हणून मार्चमधला वाद मिटला का?

या वेळचं पत्र चिंचवडहून आलं आहे. थोडं आखडून देतो. नावं बदलली आहेत.

"दादा, मी २८ वर्षांचा, एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. माझा आतेभाऊ ओंकार कोल्हापुरात असतो. २०१८ साली खबीब आणि मॅकग्रेगरची लढत झाली, तेव्हापासून आम्ही दोघं यूएफसी, म्हणजे जाळीच्या केजमधल्या एमएमए लढती, बघतो. रविवारी सकाळी तो तिथे, मी इथे, फोन स्पीकरवर. लढतीआधी दोघांनी अंदाज सांगायचा आणि ज्याचा चुकेल त्याने पुढच्या भेटीत मिसळ खाऊ घालायची. मार्च २०२५ मध्ये मागोमेद अंकालाएवने तेव्हाचा जगज्जेता अलेक्स परेरा याला गुणांवर हरवलं. मी म्हणालो निकाल बरोबर आहे, ओंकार म्हणाला परेराला लुटलं. सात महिने आम्ही यावर भांडत होतो. ऑक्टोबरमध्ये दोघं परत लढले. अंकालाएव पुन्हा जिंकणार, शंभर टक्के, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. परेराने ८० सेकंदांत खेळ संपवला. ओंकारने माझे जुने व्हॉइस मेसेज मित्रांच्या ग्रुपवर एकामागून एक टाकले. सगळे हसत होते. मी चिडून लिहिलं, 'चार वर्षं एमपीएससी देतोयस, स्वतःच्या निकालाचा अंदाज कधी आला नाही, आणि परेराचा सांगतोस?' तेव्हापासून तो बोलत नाही. दिवाळीत आत्याकडे गेलो तर रात्री नऊला अभ्यासिका बंद होईपर्यंत तो घरी आलाच नाही. आला, जेवला, झोपला. मला दोन गोष्टी सांगा. मार्चमध्ये मी बरोबर होतो की नाही? आणि अंदाज बरोबर यावा म्हणून नेमकं काय बघायचं? – सौरभ"

प्रिय सौरभ,

प्रश्न तू दोन विचारलेस. तिसरा विचारला नाहीस, पण पत्र वाचताना मी त्याच ओळीवर थांबलो आणि परत मागे जाऊन ती वाचली. त्याकडे येतोच. आधी मार्चबद्दल बोलू. ते मनात साफ झालं नाही, तर ओंकारसमोर बसल्यावर तू पुन्हा तिथेच जाऊन अडकशील.

८ मार्च २०२५, लास वेगास. आपल्याकडे रविवारची सकाळ. तिन्ही पंचांनी अंकालाएवला कौल दिला: एकाने ४९-४६, दोघांनी ४८-४७. तुमचा सात महिन्यांचा वाद या शेवटच्या दोन कागदांत आहे. पाच राउंडच्या लढतीत ४८-४७ म्हणजे तीन राउंड एकाचे, दोन दुसऱ्याचे. त्या दोन पंचांनी आपापल्या कागदावर एकेक राउंड जरी इकडचा तिकडे केला असता, तरी जगज्जेतेपदाचा पट्टा परेराच्याच कमरेला राहिला असता. निकालातलं अंतर इतकं कमी होतं. त्यामुळे तुला अंकालाएव जिंकलेला दिसला यात गैर काही नाही, आणि ओंकारला परेरा दिसला यातही नाही. 'लुटलं' हा शब्द मात्र मला पटत नाही. लुटलं तेव्हा म्हणावं, जेव्हा डोळ्यांसमोर एक घडलं आणि कागदावर भलतंच उमटलं.

पण ओंकारच्या बाजूने एक गोष्ट आहे आणि ती तू सात महिन्यांत एकदाही मान्य केली नसावीस. एमएमएच्या, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती मिसळलेल्या या खेळाच्या, नियमांत राउंड कोणाचा, हे आधी ठोशा-लाथांचा आणि जमिनीवरच्या पकडीचा परिणाम किती झाला यावर ठरतं. तिथे दोघं अगदी समसमान असतील तरच कोण अंगावर चालून गेला हे बघायचं, आणि तिथेही फरक निघाला नाही तर केजवर ताबा कोणाचा होता हे. अंकालाएवने त्या रात्री परेराला पाडायचे पुष्कळ प्रयत्न केले आणि एकदाही पाडू शकला नाही. बराच वेळ त्याला जाळीला दाबून उभा राहिला. घरी बसून बघणाऱ्याला वाटतं, दाबून धरलाय म्हणजे वरचढ आहे. नियम म्हणतो, दाबून धरून त्याचं काय केलंस ते दाखव. ओंकार परेराने पायावर मारलेल्या लाथा मोजत होता, तू अंकालाएवची चाल मोजत होतास. दोघांनी मिळून राउंडागणिक गुण कधी मांडले का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. सात महिने तुम्ही 'कोण जिंकला' यावर भांडलात, 'तिसरा राउंड कोणाचा' यावर एकदाही नाही.

पूजा तोमरची लढत आठवते? जून २०२४, लुईव्हिल. यूएफसीत लढत जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. निकाल स्प्लिट, म्हणजे पंचांचं एकमत न होता, लागला. एका पंचाने तिन्ही राउंड पूजाला दिले, दुसऱ्याने तिन्हीच्या तिन्ही रायान डोस सांतोसला, आणि तिसऱ्याच्या २९-२८ वर आपल्या मुलीचा हात वर गेला. केजला लागून बसलेली, हेच काम करणारी दोन माणसं एकाच पंधरा मिनिटांत एकमेकांच्या अगदी उलटं बघतात. मग चिंचवड आणि कोल्हापूर यांच्यात फरक पडला तर त्यात कोणी खोटारडा ठरत नाही.

आता ऑक्टोबर. ओंकारचं म्हणणं असं की परेराने ८० सेकंदांत उडवला, म्हणजे मार्चमध्येही तोच जिंकला होता. आणि मला वाटतं, मनातून तूही हे मान्य करून बसला आहेस. म्हणून तर इतका भडकलास. पण ही उडी चुकीची आहे. कोल्हापूरच्या माणसाला हे पटवायला अमेरिकेत जायची गरज नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीला माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांची कुस्ती झाली. बाहेरची टांग या डावावर महेंद्रला चार गुण दिले आणि त्यावरून महाराष्ट्रभर रान पेटलं. गंगावेस तालमीपासून चहाच्या टपरीपर्यंत जो तो तोच व्हिडिओ हळू करून बघत होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात सिकंदरने शिवराज राक्षेला हरवून महाराष्ट्र केसरीची गदा उचलली. आनंद झाला, मलाही झाला. पण नोव्हेंबरच्या गदेने जानेवारीचे ते चार गुण बरोबर किंवा चूक ठरतात का? ते ठरवायचे तर त्या टांगेकडेच बघावं लागेल. परेराचंही तसंच आहे. मार्चमध्ये आपली तब्येत ठीक नव्हती, असं त्याने नंतर सांगितलं. ते खरं धरलं तरी पंचांना समोर दिसलेल्या परेरालाच गुण द्यायचे होते, धडधाकट परेराला नाही.

तेव्हा तुझ्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: मार्चमध्ये तुझी बाजू टिकणारी होती, ओंकारचीही होती. ऑक्टोबरमध्ये तो बरोबर होता आणि तू चुकलास.

आणि तू चुकलास ते अंकालाएवला निवडलं म्हणून नाही. आधी एकदा पाच राउंड टिकून जिंकलेल्या माणसाला निवडणं वेडेपणाचं नव्हतं. तुझी चूक 'शंभर टक्के' या दोन शब्दांत आहे.

या खेळात शंभर टक्के काही नसतं. चार औंसांचा ग्लोव्ह, त्यात ठोसा, लाथ, कोपर, गुडघा, गळ्याला फास. संपवायचे रस्ते इतके की कमी ताकदीच्या माणसालाही एखादा सापडू शकतो. २० ऑगस्ट २०२२ ला सॉल्ट लेक सिटीत कमारू उस्मान आणि लिऑन एडवर्ड्‌स लढले, ती लढत पुन्हा लाव. पहिल्या राउंडमध्ये एडवर्ड्‌सने उस्मानला खाली पाडलं, यूएफसीत तोवर कोणालाच न जमलेली गोष्ट. मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्यात उस्मानने त्याला दामटला. पाचव्यातही तेच चाललं होतं, तिन्ही पंचांच्या कागदावर उस्मान पुढे होता. एडवर्ड्‌सचे खांदे पडलेले, कोपऱ्यातून प्रशिक्षक ओरडतोय. आणि ५६ सेकंद उरले असताना डाव्या पायाची लाथ डोक्यावर आली. उस्मान पाठीवर, पट्टा एडवर्ड्‌सचा. आता मला सांग, उस्मान जिंकेल असं म्हणणाऱ्याचा अंदाज चुकला का? निकाल चुकला. लढत कशी जाईल याचा अंदाज २४ मिनिटं बरोबर होता. 'दहापैकी सात वेळा उस्मान' असं म्हणणारा माणूस त्या रात्रीनंतरही मान वर करून बसू शकतो, कारण उरलेल्या तीन वेळा त्याने आधीच मोजल्या होत्या. 'शंभर टक्के' म्हणणाऱ्याला तशी जागाच राहत नाही. मग तो चिडतो, किंवा समोरच्याचं काहीतरी दुखरं शोधतो.

हे मी अनुभवाने सांगतोय. नोव्हेंबर २०१५ मध्ये मेलबर्नला रोंडा राउजी आणि हॉली होम लढल्या तेव्हा मी माझ्या सख्ख्या मित्राशी असाच वागलो होतो. राउजी बारा लढती अपराजित, बऱ्याच पहिल्या मिनिटाभरात संपलेल्या. माझा मित्र म्हणत होता की होम मुष्टियुद्धातली जगज्जेती आहे, डावखुऱ्या पवित्र्यात उभी राहते, पाय हलते ठेवते. राउजी सरळ रेषेत धावून येते, ती होमला धरूच शकणार नाही. मी त्याचं ऐकूनही घेतलं नाही. बारा-शून्य या आकड्यापुढे मला काही दिसत नव्हतं. दुसऱ्या राउंडमध्ये होमची लाथ मानेवर बसली आणि राउजी आडवी झाली. मित्राने सांगितलं होतं अगदी तसंच घडलं: राउजी धावत होती, होम बाजूला सरकत होती. मी कोण जिंकणार हे सांगितलं होतं. त्याने कसं जिंकणार हे सांगितलं होतं. त्या दिवसानंतर मी नावाआधी रस्ता विचारायला लागलो.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. कागद घे. लढतीआधी लिही: कोण, दहापैकी किती वेळा, आणि कोणत्या वाटेने. 'अंकालाएव, दहापैकी सहा, जाळीला दाबून, गुणांवर.' त्याखाली दुसऱ्याची वाट लिही: 'परेरा जिंकला तर कसा? सुरुवातीलाच पुढे आला आणि अंकालाएव मागे जात राहिला तर.' दुसऱ्याची वाट तुला लिहिता येत नसेल, तर तू लढत बघितलेली नाहीस, फक्त बाजू घेतली आहेस. ऑक्टोबरच्या आधी तू ही एक ओळ लिहिली असतीस, तर परेरा पहिल्या सेकंदापासून पुढे चालत आला तेव्हा तुला धक्का बसला नसता. तू म्हणाला असतास, हो, ही ती दुसरी वाट.

मग डोळे कुठे ठेवायचे? पवित्रा बघ: एक उजवा, एक डावखुरा असेल तर दोघांचा पुढचा पाय एकमेकांच्या पायात येतो, आणि मागच्या पायाची लाथ, मागच्या हाताचा सरळ ठोसा यांना वाट मोकळी होते. एडवर्ड्‌सची लाथ आणि होमची लाथ, दोन्ही डाव्या पायाच्या होत्या, लक्षात घे. खाली पाडणारा पैलवान असेल तर तो किती वेळा पाडतो यापेक्षा पाडल्यावर किती वेळ खाली ठेवतो हे बघ. वजनाच्या काट्यावर उभा राहिलेला माणूस बघ, गाल किती बसलेत, ओठ किती सुकलेत. माझे वडील कुस्तीशौकीन होते. खासबागेत पैलवान आखाड्यात उतरला की ते त्याचे दंड बघायचे नाहीत, पोट बघायचे. शड्डू ठोकून झाल्यावर श्वास किती लवकर खाली बसतो ते. मला ते अजून उपयोगी पडतं. आणि कोणी दहा-बारा दिवसांच्या बोलीवर बदली म्हणून आला असेल तर त्याचा दम अर्धा धर, पण त्याला बाद समजू नकोस. मार्च २०१६ मध्ये नेट डियाझ ११ दिवसांच्या बोलीवर आला आणि दुसऱ्या राउंडमध्ये मॅकग्रेगरच्या गळ्याला फास लावून गेला.

'याने त्याला हरवलं, त्याने तिसऱ्याला हरवलं, म्हणून हा तिसऱ्याला हरवेल' हे गणित सोडून दे. ओंकारही ते करत असणार, सगळेच करतात. जॉर्ज सेंट-पिएरने मॅट ह्यूजला हरवलं. एप्रिल २००७ मध्ये ह्यूस्टनला मॅट सेराने सेंट-पिएरला पहिल्याच राउंडमध्ये संपवलं, ज्याची कोणी कल्पनाही केली नव्हती. मग या हिशेबाने सेरा ह्यूजला सहज लोळवेल ना? २००९ मध्ये ह्यूजने सेराला गुणांवर हरवलं. तिघं गोल फिरून जिथल्या तिथे.

आणि पैज मिसळीपुरतीच ठेवा, हे माझं आग्रहाचं सांगणं आहे. तुम्हा दोघांना कॅमेऱ्यासमोरचं दिसतं. तालमीत काय झालं ते दिसत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये डॅरिक मिनर नावाच्या खेळाडूच्या लढतीआधी काही तासांत सट्ट्याचे भाव एकाएकी फिरले. त्याचा पाय आधीच दुखावलेला होता, बाहेर कोणाला पत्ता नव्हता. पहिल्या राउंडमध्ये तो हरला. पुढे दुखापत लपवल्याबद्दल अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या क्रीडा आयोगाने त्याच्यावर कारवाई केली. ज्यांनी प्रामाणिकपणे दोघांच्या जुन्या लढती बघून, वही मांडून पैसे लावले असतील, त्यांची वही त्या दिवशी काय कामाची होती?

आता ती ओळ.

ओंकारने तुझे मेसेज ग्रुपवर टाकले, हे वाईट केलं. तुमच्या दोघांतलं बोलणं त्याने चारचौघांत हसण्यावारी नेलं. त्याचा तुला राग आला, येणारच. पण त्याने तुझा अंदाज चुकला यावर हसवलं, आणि तू त्याच्या आयुष्यातली चार वर्षं काढलीस. हे दोन वार सारखे नाहीत. अंदाज तू एका रविवारी चहा पिताना सांगितला होतास. तो सकाळी अभ्यासिकेत जाऊन रात्री नऊपर्यंत बसतो, घरी आल्यावर आई-वडिलांचे चेहरे बघतो, दर निकालाला यादीत नंबर शोधतो. त्याला निकालाचा अंदाज येत नाही असं तुला खरंच वाटतं? प्रत्येक परीक्षेनंतर उत्तरतालिका लागते तेव्हा तो रात्र-रात्र गुण मोजत असेल, एक-दोन गुणांनी कटऑफ हुकलेला बघत असेल. ४८-४७ म्हणजे काय, हे तुझ्यापेक्षा त्याला जास्त माहीत आहे. परेराला एका राउंडने हरवलं तेव्हा तो इतका का पेटला होता, याचा कधी विचार केलास? मला खात्री नाही, मी त्याला ओळखत नाही. पण थोडक्यात हुकलेल्या माणसाची बाजू तो सात महिने सोडत नव्हता, हे तुझ्याच पत्रात आहे.

दिवाळीत तू त्याच्या घरी गेलास आणि तो आला नाही, याचं तुला वाईट वाटलं. पण तू तरी अभ्यासिकेच्या दारात जाऊन उभा राहिलास का? चालत जाण्याएवढं अंतर असेल. तू आत्याकडे फराळ खात त्याची वाट बघत होतास.

म्हणून माफी मागायची ती फक्त त्या वाक्याची. 'तू मेसेज टाकलेस म्हणून मी बोललो' असं जोडू नकोस, जोडलंस तर ती माफी राहत नाही. मेसेजबद्दल तुझी तक्रार खरी आहे, ती नंतर कधीतरी सांग, तो ऐकेल. आणि माफी त्याच ग्रुपवरही लिही, जिथे ते वाक्य लिहिलं होतंस. दोन ओळी पुरे: मी ओंकारच्या अभ्यासाबद्दल जे लिहिलं ते चुकीचं होतं, मी ते मागे घेतो. खाली कोणी हसणारा इमोजी टाकला तर उत्तर देऊ नकोस.

पण ग्रुपवर लिहिण्याआधी त्याच्याशी बोल. ग्रुपवरची माफी त्याने आधी वाचली, तर ती लोकांसाठी लिहिली असं त्याला वाटेल.

बोलताना मार्चचा विषय काढू नकोस. त्याने काढला तर एवढंच म्हण की तिसरा राउंड आपण दोघांनी पुन्हा बघू, आवाज बंद करून, आपापल्या कागदावर गुण लिहून, आणि मगच एकमेकांना दाखवू. समालोचकांचा आवाज बंद करणं महत्त्वाचं आहे. कोण वरचढ आहे हे ते सतत सांगत राहतात आणि आपण त्यांच्या डोळ्यांनी बघायला लागतो. ऑक्टोबरच्या शेवटी अबू धाबीची अस्पिनॉल आणि गान यांची लढत तुम्ही दोघांनी वेगवेगळ्या घरांत एकेकट्याने पाहिली असेल. गानचं बोट डोळ्यात गेलं आणि लढत पहिल्याच राउंडमध्ये निकालाविना थांबली. त्या रात्री दोघांकडे बोलण्यासारखं किती होतं, आणि फोन बंद होते.

एक मिसळ तू त्याला देणं लागतोस, ऑक्टोबरची. ती द्यायला कोल्हापूरला जा. रविवारी जाऊ नकोस, रविवारी तुम्ही दोघं टीव्हीकडे बघत बसाल. शनिवारी संध्याकाळी पोच. आत्याला आधी सांगून ठेव, पण ओंकारला निरोप देऊ नको म्हणावं. अभ्यासिका नऊला बंद होते असं तूच लिहिलं आहेस. पावणेनऊला दारात उभा राहा.